सर दोराबजी टाटा व अनवाणी धावणारे शेतकरी

अलीकडे शहरोशहरी मॅरेथॉन नावाच्या लांब धावेचा मोठाच प्रसार झाला आहे. पुण्यास १९८३ पासून अशी धाव होत आली. मुंबईत २००४ साली तिचा आरंभ झाला व आता तेथे दर जानेवारीत पन्नास हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर उतरतात. साताऱ्यास २०१२ पासून घाटातील अर्ध मॅरेथॉन होते. ही आवड आता खेड्यापाड्यांपर्यंत आली असून, कोणाच्या जयंतीनिमित्त तीनचार किलोमीटरची धाव ठेवली तरी तिलाही मॅरेथॉन म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आपल्या परभणी जिल्ह्यास तर या विषयी थोडा अभिमान वाटावयास जागा आहे. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिली आली ती परभणीची ज्योती गवते. ४२ किलोमीटर १९५ मीटरचे ते अंतर तिने २ तास ५१ मिनिटांच्या आत पुरे केले.

वाचकांपैकी पुष्कळांची अशी समजूत असेल की, हा सर्व प्रकार नवा व परदेशातून आलेला आहे. त्याचे नाव परदेशी आहे हे खरे. मॅरेथॉन हे ग्रीस देशातील एका स्थळाचे नाव. १८९६ साली अथेन्स येथे पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली, तेव्हा ती जिंकणारा स्पिरिडॉन लुई हा खेड्यातून पाणी वाहून नेऊन विकणारा एक साधा माणूस होता. परंतु आपल्या महाराष्ट्रातही आज शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या मुलांनी पुण्यास याच नावाची धाव अनवाणी पायांनी धावून दाखविली होती. ती ज्यांनी पाहिली, जिचे महत्त्व ओळखले व जिच्यासाठी स्वतःची थैली सोडली, त्या सर दोराबजी टाटा यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. ते ठेवण्याचा हेतू हा की, आपल्या शाळांतील खेळांची आज जी स्थिती आहे, तिच्याविषयी या चरित्रातून काही बोध घेता यावा.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील जमशेदजी नसरवानजी टाटा यांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहेच. दोराबजी हे त्यांचे वडील चिरंजीव. मुंबईत शाळेचे शिक्षण घेतल्यावर १८७५ साली त्यांस विलायतेस धाडण्यात आले व १८७७ साली ते केंब्रिज येथील कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांनी पुस्तकांबरोबर मैदानही सोडले नाही. फुटबॉल, टेनिस, नाव वल्हविणे, घोड्यावर बसणे या सर्वांत त्यांचे मन रमले व अंगही तयार झाले. दोन वर्षांनी ते परत आले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून १८८२ साली पदवीधर झाले. पुढे काही काळ एका वर्तमानपत्रात काम करून १८८४ साली ते वडिलांच्या व्यापारात शिरले.

विलायतेहून परत आलेले तरुण तेथील पोशाख व चालीरीती घेऊन येत. दोराबजींनी त्यांबरोबर खेळाची आवड आणली, आणि ती आपल्यापुरती ठेवली नाही. मुंबईतील शाळांत अभ्यास होता, परीक्षा होत्या, पण एका शाळेची मुले दुसऱ्या शाळेच्या मुलांशी नियमाने खेळतील अशी सोय नव्हती. इंग्रज मित्रांच्या साह्याने त्यांनी मुंबईच्या हायस्कुलांचा एक क्रीडासंघ उभा केला व त्याच्या चिटणीसपदाचे काम स्वतः अंगावर घेतले. प्रथम क्रिकेट व मागाहून धावणे, उड्या मारणे इत्यादींचे सामने या संघाच्या विद्यमाने होऊ लागले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ऑलिंपिकचे नावही या देशात कोणी घेत नव्हते, त्याच्या पुष्कळ आधी त्यांचे काम शाळेपासून सुरू झाले.

१९०४ साली जमशेदजी वारले आणि त्यांनी मनात योजिलेली मोठमोठी कामे पुरी करण्याचा भार दोराबजींवर पडला. १९०७ साली लोखंडाच्या कारखान्याची कंपनी स्थापन झाली व १९१२ साली साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, पोलाद निघू लागले. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून त्यापासून विजेची उत्पत्ती १९१५ पासून होऊ लागली. बंगळूर येथील विज्ञानसंस्थाही याच काळात उभी राहिली. १९१० साली त्यांस सर ही पदवी मिळाली. एवढा व्याप ज्याच्या मागे आहे, त्यास खेळाच्या मैदानावर जावयास सवड ती कोठून मिळावी, असे कोणासही वाटेल. परंतु तशी सवड त्यांनी काढली, आणि तीमुळेच पुढील गोष्ट घडून आली.

पुण्यास १९०६ साली डेक्कन जिमखाना ही संस्था निघाली होती. दोराबजी तिचे अध्यक्ष झाले. १९१९ साली तिच्या विद्यमाने जे सामने भरले, ते पाहावयास ते गेले. तेथील व्यवस्था पाहून विलायतेच्या मैदानांवर वाढलेल्या या गृहस्थांस नवल वाटले असले पाहिजे. मैदान अपुरे होते. शंभर यार्डांची सरळ धावण्याची शर्यत वळणावरून ठेवण्याचा बेत होता. शेवटच्या रेषेवर ताणावयाची दोरीही नव्हती. स्पर्धेस आलेले बहुतेक तरुण शेतकऱ्यांचे मुलगे होते. शेतात राबणारे, साध्या अन्नावर वाढलेले, आणि नियम किंवा शास्त्रीय सराव यांची गंधवार्ता नसलेले. त्यांस शंभर यार्डांचे काहीच वाटत नव्हते. त्यांचा सारा ओढा लांब धावेकडे होता. सुमारे पंचवीस मैलांची ती धाव, आणि तिचे नाव मॅरेथॉन असेच ठेवलेले होते.

खडीच्या कठीण रस्त्यावरून हे तरुण अनवाणी धावले. दोराबजींच्या ध्यानात जी गोष्ट आली ती ही की, शिकविणारा कोणी नसता, पायांत काही नसता, त्यांनी धावेस लावलेला वेळ युरोपातील तयार धावपटूंच्या वेळाशी तुलना करण्याजोगा होता. अशा धावा त्यापूर्वीही अनेकांनी पाहिल्या असतील व वाहवा करून घरी गेले असतील. दोराबजींनी घड्याळाकडे पाहिले, युरोपातील वेळ आठवून मनात ताळा केला, आणि या मुलांस जगापुढे उभे करावयास हवे असा निश्चय केला.

त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कानावर त्यांनी ही गोष्ट घातली व १९२० साली बेल्जम देशातील अँटवर्प येथे होणाऱ्या ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानास जागा मिळावी म्हणून खटपट केली. ती सफळ झाली. तीन धावपटूंच्या जाण्याची तजवीज त्यांनी स्वतः पत्करली. इतर साह्य मिळून शेवटी चार धावपटू व दोन मल्ल यांचे पथक तयार झाले. लांब धावेकरिता बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले व सदाशिव दातार हे दोघे निवडले गेले. मल्लांत रणधीर शिंदे व कुमार नवले हे होते. ही मंडळी बोटीने प्रथम विलायतेस गेली, तेथे काही आठवडे सराव केला व मग अँटवर्पास पोहोचली.

२२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन झाली. तिचे अंतर पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते. ऑलिंपिकमध्ये याहून लांब मॅरेथॉन पूर्वी झाली नव्हती व पुढेही झाली नाही. वर पाऊस होता. फिनलंडचा कोलेहमायनेन हा २ तास ३२ मिनिटे व काही सेकंदांत पहिला आला. दातारांस धाव पुरी करता आली नाही. चौगुले यांनी ती २ तास ५१ मिनिटांच्या आत पुरी केली व त्यांचा एकोणिसावा क्रमांक लागला. वर ज्योती गवते हिच्या धावेचा वेळ आम्ही दिला आहे, तो जवळजवळ हाच होय. सत्त्याण्णव वर्षांचे अंतर, एक बेळगावचा पुरुष, एक परभणीची स्त्री, आणि घड्याळ दोघांविषयी सारखीच साक्ष देते. मल्लांपैकी शिंदे चौथे आले. म्हणजे पदक अगदी थोडक्यात हुकले.

अशा रीतीने त्या पथकास एकही पदक मिळाले नाही. फळ दिसले नाही की हात आखडावा, ही व्यवहारी माणसाची रीत. दोराबजींनी तसे केले नाही. १९२० सालीच ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले. पुढील पॅरिसच्या ऑलिंपिकसाठी देशातील निरनिराळ्या प्रांतांतून माणसे निवडावयाची तर प्रांतोप्रांती फिरणारे, खेळाचे शास्त्र जाणणारे कोणी हवे होते. हे साह्य वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेकडून मिळाले, हे आमच्या वाचकांस कळल्यास आनंद होईल. त्या संस्थेचे डॉ. नोएरेन यांनी चिटणीसाचे काम केले. आणि १९२० साली मद्रास येथे शारीरिक शिक्षणाची शाळा काढणारे हॅरी क्रो बक हे १९२४ च्या पॅरिसच्या पथकाबरोबर गेले. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघ स्थापन झाला, तेव्हा दोराबजी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पुढल्याच वर्षी, १९२८ साली, हॉकीत सुवर्णपदक मिळाले. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले, ते तर याहून पुढचे. म्हणजे पेरणी व कापणी यांत बत्तीस वर्षे गेली.

दोराबजींच्या गृहस्थाश्रमाविषयीही दोन शब्द लिहिणे योग्य आहे. त्यांच्या पत्नी मेहेरबाई या टेनिस उत्तम खेळत, आणि साडी नेसूनच खेळत. मुलीचे वय झाले की तिने मैदान सोडावे, हा समज आपल्याकडे आजही पुरता गेलेला नाही; त्या काळी तो किती प्रबळ असेल याची कल्पना करावी. १९२४ साली पोलादाच्या कारखान्यावर मोठे संकट आले व मजुरांचे पगार देण्यापुरतेही द्रव्य उरेना, तेव्हा दोराबजींनी आपली खाजगी मालमत्ता व त्याबरोबर मेहेरबाईंचे दागिनेही गहाण ठेविले. त्या काळात कारखाना टिकला तो या त्यागावर.

येथवर जे लिहिले ते स्तुतीचे झाले. परंतु चरित्र लिहिणाऱ्याने एकच बाजू दाखवू नये. १९२१ साली पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधावयास घेतले, तेव्हा तेथील मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाऊ लागल्या. पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली त्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंगवास सोसला. सेनापती ही बापटांची पदवी त्याच लढ्यातली. तरीही धरण झाले व गावे बुडाली. शेतकऱ्यांच्या पायांतील बळ ज्यांनी पुण्यास ओळखले, त्यांच्याच घराण्याच्या कंपनीने पुण्याजवळच्या शेतकऱ्यांच्या पायांखालची भूमी घेतली, हे सांगितल्यावाचून राहणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मनुष्य थोर असला तरी त्याची दृष्टी सर्व दिशांस सारखी पोहोचत नाही. आणि दुर्बळांचे कौतुक करणे सोपे असून त्यांचे हक्क सांभाळणे कठीण आहे, हा धडाही याच चरित्रात आहे.

१९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांस मूलबाळ नव्हते. १९३२ साली दोराबजींनी आपली सर्व संपत्ती धर्मादायास लावून दिली, आणि पत्नीच्या थडग्याचे दर्शन घेण्याकरिता विलायतेस जात असता वाटेत जर्मनीत ३ जून १९३२ रोजी त्यांचा अंत झाला. विलायतेत ब्रुकवुड येथे दोघांची थडगी शेजारीशेजारी आहेत. त्यांच्या निधीतून १९३६ साली मुंबईत समाजसेवेचे शिक्षण देणारी संस्था निघाली, आणि तिचे पहिले संचालक अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे होते. १९४१ साली परळास कर्करोगाचे इस्पितळ उघडले. मराठवाड्यातील कितीतरी रोगी आजही तेथे उपचारास जातात.

आता या चरित्राचा आपल्या शाळांशी संबंध काय, हे पाहू. सोनपेठ तालुक्यात पहाटे बाहेर पडल्यास डांबरी रस्त्यावर पोलीसभरतीची तयारी करणारे तरुण धावताना आढळतात. कापसाच्या व उसाच्या शेतांत वाढलेल्या या मुलांस दमसास शिकवावा लागत नाही. १९१९ साली पुण्यास जे पाय धावले, त्यांच्याच जातीचे हे पाय आहेत. मग उणे कशाचे आहे? जे त्या वेळी होते त्याचेच: मापलेल्या अंतराचे, घड्याळाचे, सरळ रेषेचे, आणि पाहणाऱ्या डोळ्यांचे. वर्षातून एक दिवस सामने भरवावयाचे, तिघांस बक्षिसे द्यावयाची, छायाचित्र काढावयाचे, आणि मग पुढल्या वर्षापर्यंत मैदानावर गवत वाढू द्यावयाचे, ही रीत पुष्कळ शाळांत आहे. तिने तीन मुलांचा गौरव होतो. उरलेली मुले आपण धावण्यास नालायक आहो, एवढेच शिकून घरी जातात.

शहरांतील मॅरेथॉनची जी लोकप्रियता आहे, तिच्या मुळाशी नेमकी उलट गोष्ट आहे. तेथे हजारो लोक धावतात ते पहिले येण्याकरिता नव्हे. गेल्या वर्षी जेवढा वेळ लागला, त्याहून थोडा कमी लागावा, किंवा निदान शेवटपर्यंत पोहोचावे, एवढीच बहुतेकांची इच्छा असते. मुंबईत तर केवळ हौसेने सुमारे सहा किलोमीटर चालणाऱ्या-धावणाऱ्यांचा निराळा भाग असतो, आणि या धावेच्या निमित्ताने धर्मादाय संस्थांसाठी मोठा निधी जमतो. प्रत्येकाची बरोबरी स्वतःशी, हे जे तत्त्व आहे ते शाळेत नेण्यास एक पैचाही खर्च नाही. मास्तरांनी दोरी अथवा टेप घेऊन मैदानात शंभर मीटर व चारशे मीटर मोजून चुन्याच्या खुणा कराव्यात. एका वहीत प्रत्येक मुलाचे व मुलीचे नाव लिहावे. महिन्यातून एकदा प्रत्येकाचा वेळ घ्यावा. घड्याळ आता प्रत्येकाच्या मोबाइलात असते. जो मुलगा जूनमध्ये शेवटचा होता, तो जानेवारीतही शेवटचाच असेल, परंतु त्याचा वेळ दहा सेकंदांनी उतरला असेल, तर ते वर्गासमोर वाचून दाखवावे.

तथापि शहराची सर्वच रीत खेड्यात आणू नये. पूर्ण मॅरेथॉन ही मुलांची धाव नव्हे. मुंबईतही अठरा वर्षांखालील कोणास ती धावू देत नाहीत. वाढत्या हाडांस लांब अंतराचा भार सोसत नाही. लहान मुलांनी छोट्या धावा, उड्या व फेक यांतच बळ मिळवावे. आपल्या मुलुखात मार्चपासून ऊन कडक होते, म्हणून धाव सूर्य वर येण्याच्या आत संपावी. जवळ पाणी असावे. उपाशी मुलास धावावयास लावू नये. धावेपेक्षा फलक, टोप्या व सदरे यांवर अधिक खर्च होत असेल, तर तो शाळेने मोकळेपणाने नाकारावा. ऊसतोडीस गेलेल्या आईबापांबरोबर जी मुले दिवाळीनंतर गाव सोडतात, त्यांची नावे वहीतून खोडू नयेत. ती परत आली म्हणजे त्यांचा वेळ पुन्हा घ्यावा. आणि मुलींच्या नावांची पाने शेवटी न ठेवता मुलांबरोबरच ठेवावीत. परभणीचे नाव मुंबईत गाजविले ते एका मुलीने, हे विसरू नये.

आमच्या मंडळ्यांतील उपदेशक व पुढारी यांसही यात काम आहे. शर्यतीचा दाखला पौलाने आपल्या पत्रांत वारंवार घेतला आहे व त्यावर आपण उपदेश करीत असतो. परंतु गावातील मूल कसे धावते हे पाहावयास आपणांपैकी किती जण मैदानावर उभे राहतात? दोराबजींजवळ संपत्ती होती, ती आपणांजवळ नाही. परंतु संपत्तीचा प्रश्न नंतर आला. आधी ते उन्हात उभे राहून धाव संपेपर्यंत पाहत राहिले. एवढे करण्यास धन लागत नाही. शाळेच्या व्यवस्थापक समितीत ज्यांस जागा आहे, त्यांनी मैदानाची जमीन मोजून नोंदवून घ्यावी व तिच्यावर अतिक्रमण होऊ देऊ नये. ज्यांस अशी जागा नाही, त्यांनी शनिवारी सकाळी शाळेत जाऊन रेषेवर उभे राहावे, वेळ पुकारावा, व मास्तरांच्या वहीत शेवटच्या मुलाचेही नाव लिहिले गेले की नाही ते पाहावे.